बिनसीटच्या सायकलीचा मागचा ब्रेक

मेडिकलच्या दुकानात औषधं एक्स्पायर होतात, किस्से होत नाहीत. तेलंगणातल्या बेल्याजवळच्या आमच्या मराठी गावात मी बरीच वर्षं मेडिकल चालवतोय, तेव्हा हे मला चांगलं ठाऊक आहे. माणूस तापाची गोळी घ्यायला येतो, घटकाभर पायरीवर टेकतो, गोळी घेऊन जातो आणि किस्सा ठेवून जातो. औषध उरलं तर कंपनी परत तरी घेते. किस्से कोण परत घेणार? मग साचतात!

अलीकडे जे साचले ते जवळजवळ सगळे एकाच पेशंटचे. पेशंट म्हणजे गजूची सायकल. बाकी प्रकृती ठणठणीत, फक्त मागचा ब्रेक सटकायचा. आणि त्या एका ब्रेकवर गजूचं पुढचं सगळं अडकलं होतं.

* * *

गजू हा बापूरावांचा एकुलता एक मुलगा. बापूराव माझे शेजारी. कापूस, ज्वारी आणि लाल्या-हिरा ही त्यांची बैलजोडी, यापलीकडे त्यांना जगातलं काही पटत नाही. गजू मात्र मोबाइलवर परदेशातली पोरं सायकलवरून खडकांवर उड्या मारताना बघून बघून बिघडला. त्या खेळाला ट्रायल्स म्हणतात. दगड, ओंडके, पायऱ्या, जे समोर येईल त्यावर सायकलसकट चढायचं आणि पाय टेकवायचा नाही. टेकला की संपलं! गजूने हैदराबादच्या एका पोराकडून तसली जुनी सायकल मिळवली आणि बसच्या टपावर टाकून गावात आणली.

सायकल दारात उतरली तेव्हा बापूराव बैलांना कडबा टाकत होते. ते हात झटकत आले आणि सायकलीभोवती एक चक्कर मारली, बाजारात बैल बघतात तशी.

"याची सीट कुठं पडली बे? बसवाल्यानं काढून घेतली काय?"

"बाबा, याले सीट नसतेच. उभं राहूनच चालवा लागते."

"म्हंजे पैसे देऊन आणली, अन् बसता येत नाही?"

"नाही."

"मंग हे वाहन नाही, शिक्षा होय!"

गजूने मनावर घेतलं नाही. रोज संध्याकाळी खळ्यातल्या दगडांवर उड्या. त्याचे व्हिडिओ फिरत फिरत हैदराबादजवळच्या एका ॲडव्हेंचर पार्कवाल्यांपर्यंत पोचले आणि त्यांचा फोन आला: पोळा झाला की या, इथे शो करा, मुलांना शिकवा. गजूने ही बातमी सगळ्यांत आधी मला सांगितली. "भाऊ, मले बोलावलं," एवढंच म्हणाला आणि बाहेर जाऊन कडुनिंबाखाली पाठ करून उभा राहिला. मला काय ते समजलं. पोराचा जीव किती गुंतला होता ते मी त्या पाठीवरून ओळखलं.

बापूरावांनी अर्थातच मोडता घातला. मग माय रडली, गजू जेवेना, मी मध्ये पडलो. शेवटी बापूरावांनी माझ्याच पायरीवर, चारचौघांत, हुकूम सुनावला.

"पोळ्याच्या दिवशी, साऱ्या गावासमोर, मारुतीच्या पारावर या सायकलीनं चढून दाखव. पाय नाही टेकला, तर जाय हैदराबादले. टेकला, तर सायकल भंगारात अन् तू मामाच्या कापसाच्या जिनिंगवर. मंजूर?"

"मंजूर!" गजू म्हणाला. ब्रेक सटकतो हे त्याने तेव्हा सांगितलं नाही!

* * *

या खेळात मागच्या ब्रेकचं काम फार मोठं. दगडावर चढताना माणूस मागच्या एका चाकावर उभा असतो, पुढचं चाक हवेत. तेव्हा ब्रेकने चाकाला कुलूप लावल्यासारखं धरलं पाहिजे. जरा सटकला, की सायकल पुढे आणि माणूस मागे!

हे मला गजूने तोंडी समजावलं, मग प्रात्यक्षिक दिलं. माझ्या दुकानाच्या पायऱ्यांवर. तो टुणटुण उड्या मारत वरच्या पायरीवर पोचला, मागच्या चाकावर तोलून उभा राहिला, माझ्याकडे बघून हसला, आणि ब्रेक सटकला. सायकल सरळ काउंटरला येऊन भिडली. गजू एकेका पायरीवर बसत बसत खाली गेला. सीटची गरज काय असते ते त्या दिवशी त्याला प्रत्येक पायरीने सांगितलं.

खाली जनाआजी उभी होती. नुकतीच माझ्याकडून कंबरदुखीची ट्यूब घेऊन निघालेली. तिने गजूकडे पाहिलं, हातातल्या ट्यूबकडे पाहिलं आणि ट्यूब त्याच्यापुढे धरली.

"घे बाबा. माही कंबर थांबू शकते."

* * *

ब्रेकचा इलाज करायला डॉक्टर नेमला गेला प्रफुल. प्रफुल गजूचा शाळेपासूनचा दोस्त, बासरच्या कॅम्पसवर इंजिनिअरिंग शिकून आलेला. आता घरी बसून कम्प्युटरवर कुठल्याशा कंपनीचं काम करतो. थिअरी पक्की. स्क्रू मात्र अजून उलटा फिरवतो.

प्रफुलने ब्रेकचा दांडा दाबून पाहिला. दांडा मऊ, थेट मुठीला टेकत होता. "पाइपात हवा शिरली आहे," तो म्हणाला. "हा तेलावर चालणारा ब्रेक आहे, भाऊ. आत तेल असलं की जोर पोचतो. हवा असली की हवाच दबते. सिरिंजने खालून तेल भरायचं आणि वरून हवा ओढून काढायची. दोन मोठ्या सिरिंज द्या."

दिल्या. दोघे शाळेच्या भिंतीमागे सावलीत जाऊन बसले. तिथून थोड्या वेळाने आवाज यायला लागले. "ओढ! अजून ओढ! आली बे आली!" आता असे आवाज भिंतीमागून यायला लागल्यावर, आणि बघणाऱ्याला दोन पोरांच्या हातात दोन सिरिंज दिसल्यावर, बघणारा काय समजेल? आणि बघणारा नेमका हवालदार!

हवालदार बाहेरून बदलून आलेला, तेलुगू माणूस. मराठी त्याला येत नाही. "एंदि इदि?" म्हणजे हे काय, असं विचारत त्याने दोघांना उठवलं.

"साब, इंजेक्शन नहीं है," प्रफुल घाबरून म्हणाला. "सायकिल को लगा रहे."

हवालदाराला वाटलं पोरं आपली फिरकी घेताहेत. तो दोघांना, दोन सिरिंजना आणि सायकलीला घेऊन माझ्याकडे आला. "सिरिंजा तुम दिये?" मी हो म्हणालो. "किसकू?" मी सायकलीकडे बोट दाखवलं. तेव्हा तो माझ्याकडेही संशयाने बघायला लागला. मग मी त्याला काउंटरवर सिरिंज ठेवून, तेल कसं जातं, हवेचे बुडबुडे कसे निघतात, सगळं दाखवलं. बुडबुडे निघाले. हवालदार डोळे बारीक करून बघत राहिला. दांडा दाबून बघितला. कडक लागत होता.

खूप वेळ विचार करून त्याने टोपी काढली.

"मेरे गाडी का बी ब्रेक ढीला है जी. उसकू कित्ता एमएल लगता?"

* * *

हवा निघाली, पण तेल कमी पडलं. खास त्या ब्रेकचं तेल हैदराबादहून यायचं, आणि पोळा तोंडावर. प्रफुलने मोबाइलमध्ये डोकं घातलं आणि म्हणाला, "मिनरल ऑइल पाहिजे. पातळ, स्वच्छ. लिक्विड पॅराफिनसारखं काहीतरी."

मी मागच्या कपाटातून बाटली काढून काउंटरवर ठेवली. लिक्विड पॅराफिन! माझ्याकडे नेहमीच असतं. फक्त ते ब्रेकसाठी असतं हे मला माहीत नव्हतं. मी ते पोट साफ होत नाही त्यांना देतो.

"चालंल काय?" गजूने विचारलं.

"माणसाला चालतं," मी म्हणालो. "तुझ्या सायकलीचं मी काय सांगू?"

भरलं. दांडा असा कडक झाला की प्रफुलने माझ्याशी हात मिळवला. तेवढ्यात बापूराव आले. त्यांनी बाटली उचलली, ओळखली. मागच्या उन्हाळ्यात त्यांनीही हीच नेली होती.

"हे त्या ब्रेकात घातलं?"

"हाव, बाबा."

बापूराव बाटली जागेवर ठेवून शांतपणे म्हणाले, "आजपर्यंत थोडा थोडा सटकत होता. आता तर काही धरूनच राहत नाही, लिहून घे!"

* * *

आणि झालंही तसंच! दांडा कडक, पण ब्रेक सटकतोच. प्रफुलने चाक काढलं तेव्हा कळलं. भरताना तेल सांडलं होतं, आणि ज्या दोन पॅडनी चाकावरच्या चकतीला चिमट्यात धरायचं तेच तेलाने माखले होते. तेलकट पॅड चकतीला धरत नाही.

"पॅड भाजायचे," प्रफुल म्हणाला. "तेल जळून जातं. चकती स्पिरिटने पुसायची."

स्पिरिट माझ्याकडे. भाजायला वत्सलावहिनींचा, म्हणजे गजूच्या मायचा, तवा. वहिनी देवळात गेल्या होत्या. आम्ही तिघे स्वयंपाकघरात शिरलो. तवा तापवला, पॅड टाकले, धूर निघाला. प्रफुल चिमट्याने पॅड असे उलटत होता की त्याच्या मायनेही त्याला कधी असं काम करताना पाहिलं नसेल. धूर थांबला, पॅड उचलले, तवा पुसला, जागेवर ठेवला. तेवढ्यात दारात आवाज आला. वहिनी परतल्या होत्या. सोबत जिनिंगवाले मामा! भाच्याला कामावर कधी न्यायचं ते विचारायला आलेले.

मामांना जेवायचा आग्रह झाला. वहिनींनी तोच तवा घेतला आणि ज्वारीची भाकर टाकली. गजू माझ्याकडे बघतोय, मी प्रफुलकडे बघतोय, प्रफुल छताकडे. मामांनी पहिला घास घेतला, थांबले, चावला.

"ताई," ते म्हणाले, "गॅसवर करते, पण वास अस्सल चुलीचा! आमच्याकडं असा धूर लागत नाही भाकरीले. अजून एक टाक."

* * *

भाजलेले पॅड लगेच धरत नाहीत. त्यांना चकतीवर घासून घासून बसवावं लागतं. त्यासाठी जोरात जायचं आणि ब्रेक दाबायचा, पुन्हा जायचं, पुन्हा दाबायचा. त्यातही चिखलाचं पाणी शिंपडून दाबलं तर पॅड खरखरीत होतात, असं गजूच्या व्हिडिओत सांगितलं होतं. चिखल आमच्याकडे हवा तेवढा. पण जोरात जायचं कसं? उतार म्हणाल तर आमच्या काळ्या रानात सगळ्यांत उंच जागा म्हणजे बांध. आणि या सायकलीचा गिअर असा की कितीही पायडल मारा, चालणारा माणूस पुढे जातो.

"कोणीतरी ओढलं पाहिजे," प्रफुल म्हणाला.

समोरून बापूरावांची बंडी येत होती. लाल्या-हिरा जोडलेले, बापूराव पुढे कासरा धरून पेंगत होते. गजूने मागून गुपचूप बंडीला दोर अडकवला, दुसरं टोक सायकलीच्या हँडलला. प्रफुल बाजूने बाटलीतून चिखलपाणी शिंपडत पळतोय. मी मागे स्कुटीवर. गजूने ब्रेक दाबला. काही नाही. पुन्हा दाबला. काही नाही. पुन्हा दाबला...

आणि ब्रेक लागला! लागला म्हणजे असा केकाटला, की मी स्कुटी थांबवून कानात बोटं घातली. तापलेल्या चकतीवर बिनतेलाचे पॅड! तो आवाज ऐकला आणि लाल्या उधळला. त्याच्यामागे हिरा. बंडी गावाकडे सुटली. बापूराव जागे झाले. गजूने घाबरून ब्रेक अजून आवळला, ब्रेक अजून केकाटला, बैल अजून पळाले! मागचं चाक जाम, सायकल नुसती घसरतेय आणि रस्त्यावर टायरची काळी रेघ उमटतेय. प्रफुल मागून नाचत होता. "ग्रिप बघा! भाऊ, ग्रिप बघा!"

बंडी थेट गोठ्यात जाऊन थांबली. बापूराव उतरले, धोतर झटकलं, दोर पाहिला, गजूला पाहिलं.

"साऱ्या दुनियेत ब्रेक लावला की गाडी थांबते. तुह्याच ब्रेकाचं हे असं काऊन बे? लावला की गाडी पळते!"

* * *

इथे एक छोटीशी गोष्ट सांगून टाकतो. तिला शेवट वगैरे नाही.

त्याच आठवड्यात बापूराव बीपीच्या गोळ्या न्यायला आले. गोळ्या घेतल्या तरी जाईनात. पायरीवर बसले, उठले, पुन्हा बसले.

"दिलीप, त्या पार्कात दगड किती उंच रायते?"

"मले काय माहीत, बापूराव. असतील माणसाएवढे."

"अन् तितं ब्रेक सटकला तर?"

ते गोळ्यांच्या पाकिटाची घडी करत राहिले. "एकच पोरगं हाये ना, बाबू," म्हणाले आणि निघून गेले. मी त्या दिवशी दुकान जरा लवकर बंद केलं.

* * *

पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदशेकणी असते. वर्षभर जू ओढून बैलांचे खांदे दुखतात, म्हणून त्यांना हळद आणि तूप चोळायचं, पळसाच्या पानाने शेकायचं आणि म्हणायचं, "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या." वत्सलावहिनी हे अगदी मनापासून करतात. लाल्याचं झालं, हिराचं झालं. बाजूला सायकल उभी.

आता त्या ब्रेकने गेले काही दिवस अंगणात जो गळा काढला होता, तो वहिनींच्या काळजाला लागलेला. गजू उडी मारायचा, ब्रेक दाबायचा, सायकल किंचाळायची. वहिनी प्रत्येक वेळी आतून "अग माय!" म्हणायच्या.

पोळ्याच्या सकाळी गजू धावत माझ्या घरी आला. मी आणि प्रफुल जाऊन बघतो तर मागची चकती पिवळीधमक! हळद आणि तूप, दोन्ही बाजूंनी, पॅडच्या फटीतसुद्धा बोट घालून.

"वहिनी, हे काय केलं?"

वहिनींना आमचे चेहरे कळेनात. "अहो, किती रडत होती बिचारी! सारं वजन मागच्या चाकावर घेऊन उभी रायते म्हणे. दुखत नसंल तिले?" आणि मग समाधानाने म्हणाल्या, "पाहा, चोळल्यापासून हूं का चूं नाही!"

बरोबरच होतं. आवाज गेला होता. ब्रेकही गेला होता!

गजू मटकन खाली बसला. मायला एक शब्द बोलला नाही, ते मला फार आवडलं. प्रफुलने मात्र त्या दिवशी आयुष्यात पहिल्यांदा स्क्रू बरोबर फिरवला. "पुढचे पॅड काढ," तो म्हणाला. "पुढच्या ब्रेकला काकूंनी हात लावला नाही. पुढचा रडत नव्हता ना! पॅड सारखेच आहेत. ते मागे टाकू. पारावर चढायला पुढचा ब्रेक नसला तरी चालेल."

पुढचे पॅड दगडी उंबऱ्यावर घासून खरखरीत केले. माझ्या दुकानातलं होतं नव्हतं तेवढं स्पिरिट चकतीवर गेलं. गावात त्या दिवशी कोणाला खरचटलं असतं तर मी फुंकर मारून पाठवलं असतं. तिकडे ढोल वाजायला लागले. ब्रेक तपासून बघायला वेळच राहिला नाही.

* * *

मारुतीच्या पारापुढे दोन खांबांना आंब्याच्या पानांचं तोरण बांधलेलं. तोरणामागे साऱ्या गावाचे बैल उभे, झुली, बाशिंगं, घुंगरमाळा, बेगड लावलेली शिंगं. झडत्या, म्हणजे पोळ्याची कवनं, म्हणून झाल्या होत्या. आता तोरण तोडायचं, म्हणजे पोळा फुटला आणि बैल घराकडे निघाले. पण तोरणाखालून आधी कोणाची जोडी काढायची, हा मान वरच्या मोहल्ल्याचा की खालच्या, यावर आमच्याकडे दर वर्षी भांडण होतं. मंगलाष्टकं म्हणावी तसं ते नेमाने होतं. याही वर्षी सुरू झालं होतं. बैल कंटाळले, पोरं कंटाळली.

बापूराव लाल्या-हिराचा कासरा धरून पाराला लागूनच उभे होते. त्यांनी गजूला हाक मारली.

"यांचं भांडण मिटेपर्यंत तू आपलं उरकून टाक. ये. चढ!"

गजूने सायकल पुढे घेतली. सारं गाव त्याच्याकडे वळलं. मामाही होते, वहिनी पदर तोंडात धरून उभ्या होत्या. गजूने एक उडी घेतली, पाराच्या खालच्या दगडावर. दुसरी, मधल्यावर. पाय वर, पुढचं चाक वर. शेवटची उडी, तीच अवघड. वर पोचल्या पोचल्या मागच्या एका चाकावर थांबायचं, आणि ब्रेकने धरायचं. गजूने अंग आवळलं.

आणि नेमकं त्या क्षणी प्रफुलने माझा दंड पकडला. मीही त्याचा पकडला. आम्हाला दोघांना एकदमच लाल्या आठवला होता.

"गजू, थांब!" मी ओरडलो.

पण तो हवेत होता.

चाक पारावर टेकलं, ब्रेक लागला, आणि खरखरीत पॅडनी स्पिरिटने धुतलेल्या चकतीवर असा टाहो फोडला की ढोलवाल्याच्या हातातली काठी गळाली. लाल्या उधळला. हिरा उधळला. त्यांच्या मागे वरचा मोहल्ला, खालचा मोहल्ला, साऱ्यांच्या जोड्या! तोरण कुठल्या शिंगात गेलं ते कोणाला कळलं नाही. धुरळा, घुंगरं, आरडाओरडा. भांडणारे दोन्हीकडचे लोक एकाच हौदामागे लपले. मी आणि प्रफुल देवळात.

धुरळा बसला तेव्हा पटांगण रिकामं. बैल आपापल्या गोठ्यात पोचले होते, कोणाला खरचटलंही नव्हतं. आणि पारावर गजू तसाच, मागच्या एका चाकावर! पुढचं चाक हवेत, अंग थरथरतंय, ब्रेकने धरून ठेवलेलं. त्याच्यासमोर, हातभर अंतरावर, पाराच्या पिंपळाच्या फांदीला दोन्ही हातांनी लटकलेले बापूराव! कासरा सुटल्यावर त्यांनी उडी मारली होती.

"बाबा," गजू दातओठ खाऊन म्हणाला, "पाहून राह्यले ना?"

"पाहून राह्यलो बे! दुसरं काय करून राह्यलो इथं?"

"उतरू काय?"

"आधी मले उतरव!"

लोक गोळा झाले. दोन्ही मोहल्ले तणतणत आले. मान ठरण्याआधीच पोळा फोडला कोणी? मामांनी मात्र मुद्द्याला हात घातला. ते हौदामागे होते, त्यांना काही दिसलं नव्हतं. खरं तर कोणालाच दिसलं नव्हतं.

"दाजी, ते राहू द्या. गजूचा पाय टेकला का नाही, ते सांगा."

सारं गाव बापूरावांकडे बघायला लागलं. गजू सायकल धरून उभा, चेहरा पांढरा. आता बापूराव जे म्हणतील ते खरं. टेकला म्हणाले असते तर कोण खोटं पाडणार होतं? एकुलतं एक पोरगं घरी राहिलं असतं. बापूरावांनी तळहाताला लागलेली साल झटकली. एकदा पाराकडे पाहिलं, एकदा गजूकडे.

"माहे दोन्ही पाय टेकले नव्हते," ते म्हणाले, "तर त्याचा कशाले टेकंल?"

मग दोन्ही मोहल्ल्यांकडे वळून म्हणाले, "अन् यंदाचा मान कोणाचा ते आता पुसू नका. पोळा माह्या घरच्या सायकलीनं फोडला!"

पोळा फुटला की मानाची जोडी घरोघर फिरवायची रीत आहे. दारोदारी बाया आरतीचं ताट घेऊन उभ्या राहतात, पाय धुतात, हळद-कुंकू लावतात. संध्याकाळी मी दुकानाच्या पायरीवर बसलो होतो. वरच्या मोहल्ल्यातून ढोल येत होता. पुढे ढोलवाला, मागे बापूराव, नवं धोतर, डोक्याला फेटा, आणि हातात हँडल. लाल्याची झूल सायकलीवर. गजू मागून चालत होता, त्याला हात लावू देत नव्हते.

जनाआजीच्या दारात सायकल थांबली. आजीने ताट ओवाळलं, आणि आता याचं कपाळ कोणतं म्हणून शोधायला लागली. मागची चकती चकाकत होती. आजीने हळदीत बोट बुडवलं, तुपात बुडवलं आणि खाली वाकली.

बापूराव असे ओरडले की ढोल थांबला.

"आजी, हँडलले लाव! घंटीले लाव, माह्या डोक्शाले लाव! पण त्या चकतीले बोट लावू नोको. परवा हैदराबादले जाणार हाये पोरगं!"